आत्याची विळी

केतकी आत्याच्या विळीवर बसली तेव्हा मी सुपात शेंगदाण्यांची सालं पाखडत होते.

"काकू, बसू का हिच्यावर?" असं विचारलं तिनं, पण विचारता विचारताच ड्रेस सावरून एक पाय पाटावर टाकून बसलीसुद्धा.

मी सूप थांबवलं. आता आत्या ओरडणार, हे नक्की होतं. त्या विळीला आत्याशिवाय कुणी हात लावत नसे. एकदा केर काढताना मी ती पायानं जरा बाजूला सारली, तर आत्यानं हातातलं उलथणं माझ्या नडगीवर हाणलं होतं.

"बस की," आत्या म्हणली. "अंगठा पात्यापासून लांब ठेव. परवाच धार लावलीय."

मी सूप असं झटकलं की सगळी सालं केतकीच्या केसात.

"अय्या, बर्फ पडला," म्हणत केतकी हसायला लागली. हसली म्हणून मला अजून राग आला.

"मिरे," आत्या म्हणली, "पाखडायचं ते दाराकडं तोंड करून."

माझं खरं नाव हेमलता. पण पाळण्यात असताना पण मी रडायचे नाही, ओरडायचे, म्हणून घरात मिरी पडलं ते पडलंच. शाळा पण त्यातच गेली. नववीत गणिताच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणल्या, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. मी म्हणलं, मग भुशाला शिकवता कशाला. दप्तर उचललं आणि घरी आले, आणि परत गेले नाही. आण्णांनी मारलं, आईनं समजावलं, मी काही हलले नाही. शेवटी आण्णांनी मला वाईला त्यांच्या बहिणीकडं आणून टाकलं. म्हणले, "मंदाच्या हाताखाली ऱ्हा. जूनमधी मंदा म्हणली पोरगी कामाची हाय, तर ऱ्हा इथंच. नायतर गुमान परत नववीत बसायचं, त्याच बाईसमोर."

त्याच बाईसमोर. मला रात्री त्या बाईंची खडूची बोटं दिसायची.

मंदाआत्या म्हणजे वाईत डाव्या बाजूची बाई. पानाची डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. लग्न असो, मुंज असो, भात-भाजी आचारी करायचा, पण डावीकडचं मंदाताईंचं, असं लोक आधीच ठरवून टाकायचे. तिची काकडी कधी किसलेली नसायची. हातात धरून सुरीनं टकटक कोचवायची आणि मग विळीवर पातळ उतरवायची. "किसलेली काकडी रडते," म्हणायची. "पंगत बसेपर्यंत सगळं पाणी." मीठ तर ती वाढपी आत आला की मगच घालायची, त्याच्या हातात भांडं जाता जाता.

हे सगळं मला बघूनच माहीत होतं. मला काय दिलं होतं? शेंगदाणे सोल. कोथिंबीर निवड. लिंबं धू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हुंग.

"मिरे, हे हुंग."

दिवसात कितींदा तरी. दही हुंग, कूट हुंग, काकडीचं देठ हुंग. आत्या वाटी आणून थेट माझ्या नाकाखाली धरायची.

"कसंय?"

"दह्यासारखं."

"नीट सांग."

"जरा आंबूस. कालचं नाही, परवाचं आहे."

की लगेच ते दही बाजूला, कढीला. मला वाटायचं, मी काय हिची मांजर आहे? एकदा म्हणलंसुद्धा तसं. आत्या म्हणली, "मांजर असतीस तर दूध तरी गुपचूप प्यायली असतीस."

पण तरी माझा एक हिशोब होता मनात. आज ना उद्या ही मला विळीवर बसवणार. विळीवर बसले की मी इथलीच. मग जून आला काय आणि गेला काय.

आणि मधेच ही केतकी आली. आत्याच्या दिराची मुलगी. दहावीची परीक्षा देऊन पुण्याहून सुट्टीला. आल्या दिवशी तिनं माझ्यासाठी क्लिपांचं पाकीट आणलं होतं, ते मी अजून उघडलेलं नाही.

तिला काही येत नव्हतं असं नव्हतंच, हाच माझा वैताग. स्वयंपाकात नव्यानंच शिरलेली, पण डोळ्याला काहीतरी दिसायचं तिला. पाचगणीची स्ट्रॉबेरी खाली वाईच्या बाजारात उतरायची, हंगाम सरत आलेला, बारीक बारीक फळं, आम्ही ती नुसती साखर लावून खायचो. केतकीनं त्याच्या चकत्या केल्या, लेट्युसची पानं हातानं फाडून टाकली, वर भाजलेले तीळ, लिंबू, पातळ केलेला गूळ आणि मिरपूड.

"ह्याला काय म्हणायचं?" आत्यानं विचारलं.

"सॅलड."

"कोशिंबीर म्हण. खाणाऱ्याला घास जरा ओळखीचा लागतो."

आणि खाल्ली. आत्यानं ती डोळे मिटून खाल्ली आणि म्हणली, "करकर छान लागतं गं पान. हात आहे तुझा."

हात आहे तुझा. माझ्या सगळ्या मुक्कामात हे वाक्य मी एकदा पण ऐकलं नव्हतं. मी लेट्युसचं एक पान चावून म्हणलं, "शेळीचं आहे हे." कुणी लक्ष दिलं नाही.

मग रोज नवीन. कलिंगड खाऊन झालं की खालचा पांढरा-हिरवा भाग आम्ही गाईला घालायचो. तो केतकीनं काकडीसारखा कोचवून दह्यात घातला, पुदिना टाकला. खरबुजाच्या फोडींत कैरीचे काप, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. आळीतल्या बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. "मंदाताई, तुमच्या पुतणीची ती लाल कोशिंबीर आहे का?" पुतणी. मी भाची शेजारीच उभी असायचे, हातात कोथिंबिरीची जुडी.

मी तिच्याकडं इतकं बघायचे की मला ते सगळं पाठ झालं. ती स्ट्रॉबेरीचा देठ कसा पिळून काढते, खरबुजाला बोटानं कसं दाबून बघते. चूक सापडावी म्हणून बघायचे. सापडायची नाही.

एक दिवस सापडली. आत्या गॅसपाशी उभी राहून केतकीला फोडणी कशी द्यायची ते सांगत होती. मी मागं अंगणात लिंबं धूत होते. मला तिथं जिरं जळाल्याचा वास आला आणि ह्या दोघी पळीवर वाकून निवांत गप्पा मारतायत.

"अगं करपलं," मी तिथनंच ओरडले. "दोघींना नाकं नाहीत का?"

केतकीनं जीभ चावून गॅस बंद केला. पण आत्या. आत्या माझ्यावर अशी वळली की बास.

"तोंड आवर, मिरे. फार चुरूचुरू बोलायला लागलीस."

"फोडणी तिनं जाळली आणि बोलणं मला?"

"आवर म्हणते ना."

आत्याचा आवाज कापत होता. एवढं केतकीचं लागलं हिला, मला वाटलं. मी लिंबं तशीच पाण्यात टाकून घाटावर जाऊन बसले. कृष्णेला पाणी कमी होतं, त्यात पोरं म्हशींच्या पाठीवर बसून ओरडत होती, आणि मी दगड मारत होते. पाण्यालाच.

मग चैत्रगौरीचं आलं. माई बापटांच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे सगळी आळी. झोपाळ्यात गौर, पुढं पायऱ्या पायऱ्यांची आरास, कलिंगडाची कमळं, आंबेडाळ, पन्हं. माई स्वतः घरी सांगायला आल्या.

"मंदाताई, यंदा तुमच्या त्या नव्या कोशिंबिरी करा देवीला. सगळ्या बोलतायत." मग जरा थांबल्या. "तो पाला चालतो ना हो पण नैवेद्याला?"

"पाचगणीचा आहे माई. देवीच्या शेजारचाच."

"स्ट्रॉबेरी?"

"ती पण शेजारीण."

माई हसल्या. जाताना केतकीच्या गालाला हात लावून म्हणल्या, "तूच कर हो. आणि लक्षात ठेव बाळ, नैवेद्य दाखवेपर्यंत बोटाला लागलेलं पण चाटायचं नाही. नाक पण खुपसायचं नाही. आपसूक येईल तेवढाच वास."

त्या गेल्या तशी मी हातातलं सूप आपटलं.

"मग मी कशाला आहे इथं?"

"तू पण यायचंस," आत्या म्हणली.

"काय करायला?"

"माझ्याजवळ उभी राहायला."

"उभी राहायला? ती विळीवर बसणार आणि मी खांबासारखी उभी राहणार?"

"हो."

"आत्या, जूनमध्ये आण्णांना काय सांगणार आहेस तू?"

"जून लांब आहे."

केतकी मधे बोलली, "काकू, मिरीला पण देऊ की थोडं कापायला. मला चालेल."

मला चालेल. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पुढचं गिळलं.

हळदीकुंकवाला आम्ही दुपारीच गेलो. ऊन असं की अंगणातली फरशी चपलेतनं चटकत होती. दारात माईंची नात अत्तराची कुपी घेऊन उभी, येणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटाला बोट टेकवत होती. आत्यानं हात नाकाशी नेला.

"वा. मोगरा छान आहे हो."

"खस आहे, मंदाताई," माई मागनं म्हणल्या.

"हां, खसच. उन्हानं काही कळेना झालंय."

आत स्वयंपाकघरात धुपाचा धूर आलेला, बाहेर आरतीच्या तबकाची गडबड. केतकीला मधोमध बसवलं, आत्याची विळी घरनं आणलेली. पुढं केवढी परात. तिनं स्ट्रॉबेरी चिरली, खरबूज चिरलं, पाना-पानांचा ढीग लावला. मी लेट्युस बादलीत धुऊन दिला, त्याला खालनं इतकी माती आली की पाणी चहासारखं झालं. मग आत्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी गेले नाही. मुद्दाम मागच्या दाराशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, बादली पायाशी. उभीच राहायचंय ना, मग कुठं का असेना.

बायका मधनं मधनं डोकावत होत्या. "अगं बाई, काय रंग आलाय." "कुणाची गं तू?" "दहावीची? आणि एवढं येतं?" केतकी लाजत होती, कपाळावरची बट मनगटानं मागं सारत होती. 

नैवेद्याची वेळ झाली तशा माई खोवलेल्या खोबऱ्याचं मोठं तसराळं घेऊन आत आल्या, ते केतकीशेजारी खाली ठेवलं. मागं त्यांची सून, वृंदावहिनी.

"हे घाला त्यात. ओटीचे नारळ आहेत, वर्षभर आलेले. देवीचे म्हणून कुणाला देववत नाहीत, फोडवत नाहीत. आज सगळे फोडले. देवीचं देवीला."

वृंदावहिनी माझ्याकडं बघत होती. मी बघितल्यावर तिनं खाली फरशीकडं बघितलं.

आणि तो वास माझ्यापर्यंत आला. धूप, अत्तर, मोगरा, खरबूज, ह्या सगळ्यांच्या खालून सरपटत आल्यासारखा. तेलाच्या जुन्या बाटलीचं बूच काढल्यावर येतो तो. आमच्या गावाकडं कणगीच्या मागं कधीचा तरी घरंगळलेला नारळ सापडला की असा यायचा. खवट. सगळे नसतील, एखादा असेल, पण खोवून एकत्र केल्यावर एखादाच बास झाला.

आत्या तसराळ्यावर वाकली. चांगली वाकली, पदर सावरून, बघण्यापुरती.

"पांढरंशुभ्र आहे," ती म्हणली. "घाल गं केतकी."

मला वाटलं, मला भास झाला. मी परत वास घेतला. भास नव्हता.

मग आत्यानं मान वर केली. खोबऱ्याकडं बघितलं नाही, केतकीकडं नाही, माईंकडं नाही. सगळ्या स्वयंपाकघरात नजर फिरवत तिनं मला शोधलं, आणि सापडल्यावर भुवया जरा वर केल्या. रोज करायची तशाच. वाटी नाकाखाली धरून 'कसंय' विचारताना करायची तशाच. फक्त इथं माईंसमोर तिला ते विचारता येत नव्हतं.

खस. जिरं. परवाचं दही. 'माझ्याजवळ उभी राहायला.'



केतकीनं ओंजळ भरून खोबरं उचललं होतं. हात परातीकडं वळत होते. आणि मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं, पडू दे. पडू दे ते, आरती होऊ दे, आणि सगळ्या आळीनं पहिला घास घेऊन तोंड वाकडं करू दे. कोण गं ती, पुण्याची, कसलं खवट घातलं. ऐकायलासुद्धा गोड वाटलं ते.

पण तसं कुणी म्हणणार नव्हतं. केतकी सुट्टी संपली की जाणार. बायका म्हणणार, मंदाताईंची कोशिंबीर खवट निघाली. एकदा म्हणल्या की झालं.

आणि 'खवट आहे' असं मी ओरडले असते, तर माई म्हणणार, अहो मंदाताईंनी आत्ताच तर बघितलं. एवढ्या वाकून. मंदाताई, तुम्हाला नाही का आला वास?

मी बादली उचलली.

"सरका," म्हणलं, आणि मधनंच निघाले, पुढच्या दाराकडं, जसं काही मला ती तिकडंच न्यायची होती. तसराळ्यापाशी आले आणि पाय घसरवला. सगळं चिखलाचं पाणी खोबऱ्यात. थोडं केतकीच्या मांडीवर, थोडं माईंच्या शालूच्या काठावर. केतकीच्या ओंजळीतलं दचकून खाली सांडलं ते पण त्याच पाण्यात.

परातीत एक थेंब नाही गेला. तेवढं मी बघितलं होतं.

 बाहेर कुणीतरी घंटा वाजवून बघत होतं तेवढीच ऐकू आली.

"मुद्दाम," केतकी म्हणली. तिचे डोळे भरले होते. "काकू, हिनं मुद्दाम केलं. मी बघितलं. पाय नाही घसरला हिचा."

"देवीचा नारळ होता गं कार्टे," माई म्हणल्या. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. "सणाच्या दिवशी. मंदाताई, असली पोर घेऊन फिरता तुम्ही?"

दारातल्या बायकांत कुजबुज. "भाची ना ही?" "शाळा सोडलेली ती." "जळते हो त्या पोरीवर, दिसत होतं मघापासून."

दिसत होतंच. त्यात काय खोटं होतं. म्हणूनच कुणी दुसरं काही विचारलं नाही.

"मिरे," आत्या म्हणली. "बाहेर जा."

मी मागच्या अंगणात विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. आतनं आत्याचा आवाज ऐकू येत होता, एकदम ठाम. "माई, खोबरं राहू दे. आमचं शेंगदाण्याचं कूट आहे, आज सकाळचं. केतकी, घे ते. मीठ अजून नको." मग आरती झाली. मग ताटल्यांचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही, बायका खात असल्या की होतं तसं, आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. "अगं काय लागतंय." "खरबूज आहे हे? खरबूज?" "केतकी, इकडं ये बघू." केतकी, केतकी, केतकी.

ते कूट माझ्या शेंगदाण्यांचं होतं.

वृंदावहिनी पन्ह्याचा पेला घेऊन मागं आली. माझ्याजवळ ठेवला आणि पदरानं कपाळ पुसत उभी राहिली.

"खवट होता ना?" ती हळूच म्हणली.

मी पन्हं प्यायले.

"मला सकाळी खोवतानाच आला वास," ती म्हणली. "पण ओटीचा नारळ. आमच्यात बोलायची सोय नाही. वाचलो बाई तुझ्यामुळं."

"माझा पाय घसरला," मी म्हणलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पेला घेऊन गेली.

घरी येताना आम्ही तिघी ओळीनं चालत होतो, पुढं आत्या, मधे केतकी, मागं मी. विळी माझ्या डोक्यावर, गोणपाटात बांधून. माईंनी केतकीला हिरवा खण दिला होता आणि दोघींना गजरे. केतकी रस्ताभर गप्प होती. घराचं दार लागल्याबरोबर सुटली.

"काकू, तुम्ही हिला काहीच बोलणार नाही? ती पहिल्या दिवसापासून माझ्यावर जळते."

"जळते," आत्या म्हणली. "मला डोळे आहेत."

"आणि पाणी मुद्दाम ओतलं."

"मुद्दामच ओतलं."

"मग?"

"मग काही नाही. तुझी कोशिंबीर परातभर संपली, माई स्वतः दोनदा घेऊन गेल्या. खण बघ जा उजेडात, रंग छान आहे. आणि ती विळी आवडलीय ना तुला? जाताना घेऊन जा."

केतकीचं तोंड उघडंच राहिलं. माझं पण. ती विळी आज पुण्यात केतकीच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात मांडलेली आहे, शोभेला, शेजारी पितळेचं घंगाळ. मी गेले की तिच्यावर बूड टेकून बसते, मुद्दाम.

पण तेव्हा मला रडू आलं. मी मागं अंगणात गेले आणि बादली घासायला घेतली. स्वच्छच होती, तरी घासत होते. थोड्या वेळानं आत्या आली आणि पायरीवर बसली.

"बादली जड होती?"

"नाही."

"खूप होता?"

"एखादाच नारळ असणार. पण सगळ्याला लागला होता."

ती मान हलवत राहिली. संध्याकाळ झाली होती, शेजारच्या छपरावर वानर येऊन बसलं होतं, ते आमच्याकडं बघत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो मोठा ताप आला होता ना मला, त्यात गेला. खारट, आंबट, गोड कळतं अजून. वास गेला तो गेला."

"येत नाही परत?"

"येईल म्हणले होते."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तुझ्या तोंडाला कुठं कडी आहे, मिरे? रागाच्या भरात घाटावर उभं राहून ओरडली असतीस."

ओरडले असते. 

"आण्णा म्हणला होता, पोरगी वर्गात बसत नाही, पण कुणाच्या घरात काय शिजतंय ते रस्त्यावरून सांगते. मी म्हणलं, उद्याच आणून सोड." तिनं पदर झटकला. "विळी काय गं. धार असली की कुणीही बसतं तिच्यावर."

मग तिनं केसातला गजरा सोडला. उन्हानं जरा सुकला होता, पण मधल्या कळ्या आत्ता उमलत होत्या. तिनं तो माझ्या ओल्या हातात दिला.

"सांग."

"काय सांगू?"

"कसा येतोय."

"मोगऱ्यासारखा."

"ते मला माहितीये. नीट सांग."

मी तो नाकाशी धरला. दही सांगणं सोपं असतं. आंबट आहे, नाही, परवाचं, कालचं. हे कसं सांगायचं ते मला कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं.

"उन्हातनं आल्यावर माठातलं पाणी घ्यायला वाकतो ना," मी म्हणलं, "तर पाण्याच्या आधी माठाचा गारवा तोंडाला लागतो. तसा आधी. मग त्याच्या मागनं गोड. पण दुधासारखं गोड, गुळासारखं नाही."

आत्यानं डोळे मिटले होते. "अजून."

"देठाशी कच्च्या काकडीचा आहे थोडा. आणि दोऱ्याला तुझ्या तेलाचा."

"माझ्या तेलाचा?" ती हसली. "तो कसा असतो?"

"काकू," आतनं केतकीची हाक आली. "काय करताय तुम्ही दोघी तिथं?"

"काही नाही," आत्या डोळे न उघडता म्हणली. "तू बस तिकडंच."

केतकी दारात येऊन उभी राहिली होती. हिरवा खण खांद्यावर टाकून बघत होती आमच्याकडं, आत्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडं आणि माझ्या हातातल्या गजऱ्याकडं. तिच्या तोंडावर काय आलंय ते मी लगेच ओळखलं. ते तोंड घेऊन मी सगळा उन्हाळा हिंडले होते.

मी गजरा परत नाकाशी धरला, जरा आत्याकडं सरकून बसले, आणि सावकाश, अजून सावकाश सांगायला लागले.